पिवळ्यातलं पिवळ्यात

वसमतला मोंढ्याच्या मागं, औषधाच्या दुकानावर
आमचा दवाखाना. चौदा पायऱ्या.
पायाचा अंगठा दुखणारा माणूस त्या मोजत चढतो.
मी नखं कापतो. म्हणजे तपासणीपुरती.
डॉक्टर बघतात, मी कात्री लावतो,
काचपट्टीवर तुकडा, वर औषधाचा थेंब,
थोडी ऊब, आणि मग भिंगातून शोधतो
बुरशीचे धागे :
नखाच्या आत गुपचूप फांद्या फुटलेलं रान.

बारा वर्षं झाली. चेहरे राहत नाहीत ध्यानात,
नख दाखवा, नाव सांगतो.
हॉटेलात कपबशा विसळणारा गौस,
त्याचं नखुरडं सुजून तांबडं, कडेला पू.
तहसीलचे लोमटे साहेब, दहाही नखांवर
सुईनं टोचल्यासारखे खड्डे; हात कायम खिशात,
सहीला तेवढा बाहेर येतो.
कॉलेजची एक पोर, नख चमच्यासारखं खोल.
डॉक्टरांनी त्यावर पाण्याचा थेंब ठेवला, तो ठरला.
"रक्त कमी आहे," ते म्हणाले. "घरात शेवटी कोण जेवतं?"
पोर बोलली नाही. आई पायऱ्यांकडं बघत राहिली.

नख खोटं बोलत नाही, असं डॉक्टर म्हणतात.
ते पुण्याहून आलेत.
फेब्रुवारी ते मे इथली नखं बघावीत त्यांनी.
हळद शिजते, वाळते, ढोलात घासली जाते,
आणि अख्ख्या गावाची बोटं पिवळी.
बुरशीनं पिवळी की कामानं,
नुसत्या डोळ्याला कळत नाही.

प्रयागबाई ढोबळे अशाच हंगामात आल्या.
"शनवारी नखं काडत न्हाईत," म्हणाल्या,
"पर आजच कामाला खाडा हाय, मग काय करता."
उजवा अंगठा. नख जाड, भुसभुशीत, कडेनं उचललेलं,
खाली ओल आलेल्या भिंतीसारखा पोपडा.
"दुखायलंय का?"
"दुखत न्हाई. भाकर वाढताना लोक बगायलेत."

मी थेंब टाकला.
तुकड्याभोवती लाली पसरली.
थेंबात खार असतो, खारानं हळद लाल होते,
दर हंगामात होते,
पट्टी धुवायची, दुसरा तुकडा घ्यायचा, एवढंच.
पण त्या टेबलाशी येऊन वाकल्या.
"हे लाल कामून झालं? रगत हाय का?"
"नाही मावशी. हळदीत चुना पडल्यावर होतं तसं."
"म्हंजे कुंकू की."

त्यांच्या कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका तेवढा.
जरा वेळ पट्टीकडं बघितलं,
मग हसल्या, नाकातून, फस्सकन.
"नख सवाष्ण ऱ्हायलं बगा माझं.
कुणाला सांगू नका, पुन्यांदा पुसून घेतील."

रिपोर्टात असल्या गोष्टीला रकाना नसतो.
दुसऱ्या तुकड्यात धागे सापडले. मी लिहिलं : बुरशी आहे.
डॉक्टरांनी दीड महिन्याच्या गोळ्या दिल्या,
म्हणाले, हात कोरडे ठेवा.
प्रयागबाईंनी हात बघितले. आपलेच. उलटे, सुलटे.
"बरं," म्हणाल्या,
परक्या गावात चुकीचा रस्ता सांगणाऱ्याला
आपण बरं म्हणतो तसं.

निघताना विचारलं, त्या तुकड्यांचं काय करता.
"पिवळ्या पिशवीत टाकतो. मग जाळायला जातात."
"पिवळ्यातलं पिवळ्यात," म्हणाल्या,
आणि पायऱ्या उतरल्या.
मोजल्या नसतील.
त्यांचा अंगठा हाताचा होता.